पेटीवरचा मार्का वाचा

इंडी, इंडी म्हणून कानात हेडफोन खुपसून माना डोलावणाऱ्यांनो, तुम्हाला एक साधा सवाल आहे. इंडी म्हणजे काय? स्वतंत्र ना? मग कोण स्वतंत्र? कुणापासून?

उत्तर येत नाही. येतं ते असं : गिटार जरा मळकट पाहिजे, गळा जरा कण्हता पाहिजे, अंगात कुणा म्हाताऱ्याचा सदरा पाहिजे, वेष्टनावर धुरकट फोटो पाहिजे. झालं इंडी! 'इंडिपेंडन्ट' या शब्दाची नुसती मुंडी शिल्लक ठेवली, धड केव्हाच बाजारात विकलं, आणि आता त्या मुंडीला हार घालून आरती चाललीय.

आम्ही गोदीतली माणसं. पेटीला हात लावायच्या आधी तिच्यावरचा मार्का बघतो. माल कुणाचा, आला कुठून, जाणार कुठं, हे मार्का सांगतो. पेटीला रंग कुठला फासलाय यावरून मालक ठरत नाही. गाण्याच्या पेटीलाही हाच न्याय लावा. इंग्लंड-अमेरिकेतले, ऑस्ट्रेलियातले जे ताजे रॉक अल्बम इंडी किंवा अल्टरनेटिव्ह म्हणून आपल्या फोनवर येऊन पडतात, त्यांना मी तीन सवाल टाकतो. गातो कोण? माल कुणाचा? आणि दार कुणाला बंद? हे तीन सवाल वेगवेगळे आहेत. पेपरातले टीकाकार तिन्ही एकत्र कालवतात आणि त्या काल्यावर पोट भरतात.

कुणी म्हणेल, मॅट्रिक झालेला हमाल तू, तुला इंग्रजी गाण्यातलं काय कळतं? कळतं. शब्द अडला तर शब्दकोश उघडतो. तुम्ही तर तोही उघडत नाही, नुसती चाल चघळता. आणि खाण, गिरणी, भाड्याची खोली, दवाखान्याच्या दारातली रांग, यांचं भाषांतर करायला पदवी लागत नाही.

आधी हा शब्द आला कुठून ते बघा. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या पोरांनी घरच्यांकडून, दोस्तांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच्या नावानं काढली. कुठल्या कंपनीच्या दारात टोपी काढून उभे राहिले नाहीत. त्याच साली लंडनच्या डेस्परेट बायसिकल्सनं १५३ पौंडांत आपली पहिली तबकडी काढली आणि दुसरीच्या वेष्टनावर तो खर्चाचा आकडा छापून टाकला, की बाबांनो, एवढ्यात होतं, तुम्हीपण करा. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटीनं तर मुद्रणापासून लेबलापर्यंतचा सगळा हिशेबच वेष्टनावर मांडला. हे वाचून आपल्या अनियतकालिकवाल्यांना ओळखीचं हसू येईल. उसनवारीचा कागद, सायक्लोस्टाईलची शाई, चार दोस्तांची वर्गणी, हातोहात वाटप. दोन देश, दोन भाषा, एकमेकांचा पत्ता नाही, पण अक्कल एकच : ज्याच्या हातात छापखाना त्याच्या हातात तोंड. म्हणून आधी छापखाना हातात घ्या.

१९८० च्या जानेवारीत इंग्लंडात इंडी तबकड्यांच्या विक्रीची पहिली वेगळी यादी निघाली. तिच्यात शिरायची अट काय होती? गिटार नाही. कण्हणं नाही. अट एकच, माल बड्या कंपन्यांच्या वितरणातून गेलेला नको. म्हणून १९८८ मध्ये काइली मिनोगची गुळगुळीत नाचगाणी त्या यादीत दिमाखात बसली, कारण तिची कंपनी स्वतंत्र वितरणातून माल काढत होती. आजच्या इंडीभक्ताला हे ऐकून घाम फुटेल. फुटू दे. शब्द मालकीचा होता, आवाजाचा नव्हता. मग बड्या कंपन्यांच्या ध्यानात आलं की हा मळकट आवाज विकतो. त्यांनी आवाज उचलला आणि मालकी आपल्याकडं ठेवली. आज जगातल्या गाण्याचा मोठा हिस्सा तीन कोठारांत आहे : युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर. बाकीचे कोठाराबाहेरच्या फुटपाथवर.

आता ताजा माल उघडू.

सॅम फेंडरचा 'पीपल वॉचिंग' हा तिसरा अल्बम २०२५ च्या फेब्रुवारीत आला. पोरगा नॉर्थ शील्ड्सचा. टाईन नदीच्या मुखाशी असलेलं मासेमारीचं बंदर ते. त्या नदीवर एके काळी जहाजं बांधत. ते धंदे बसले आणि माणसं धक्क्यावर वाळत पडली. पहिल्या गाण्यात त्याला आईच्या जागी असलेल्या एका बाईचं मरण आहे, आणि ती जिथं मेली त्या शुश्रूषागृहाची दशा आहे : माणसं कमी, पैसा आटलेला, काम करणाऱ्यांचे हाल. शेवटच्या गाण्यात आजा आपल्या आजीशी बोलतो, जिची आठवण पुसत चाललीय. मागं ईझिंग्टन कॉलियरी या खाणगावाचा पितळी वाद्यांचा बँड वाजतो. ती खाण १९९३ मध्ये बंद पडली. खाण मेली, बँड जगला. ज्या बँडला वाजवायला खाण उरली नाही तो एका म्हाताऱ्याच्या प्रेमासाठी वाजतो, तेव्हा अंगावर काटा येतो. हे खोटं नाही. तो गळा खरा आहे.

पण सगळंच गोड म्हणणार नाही. अर्ध्याअधिक गाण्यांत गिटारी अशा घासूनपुसून चकचकीत केल्यात की हमरस्त्यावरून कुणाची तरी महागडी गाडी चाललीय असं वाटतं. प्रत्येक गाणं एकाच उंचीवर चढतं, एकाच जागी सॅक्सोफोन फुटतो. दुःखाला इतकी सारखी पॉलिश मारली की एका माणसाचं दुःख दुसऱ्यापासून ओळखू येत नाही.

आणि मार्का? पॉलिडोर. पॉलिडोर कुणाची? युनिव्हर्सलची. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या कोठाराची. पहिल्याच आठवड्यात एक लाखावर खप. २०२५ च्या ऑक्टोबरात मर्क्युरी पुरस्कारही याच अल्बमला मिळाला. हा समारंभ पहिल्यांदाच लंडनबाहेर, न्यूकॅसलला, म्हणजे त्याच्याच अंगणात झाला. चांगलं झालं. टाळ्या वाजवा. पण इंडी म्हणू नका.

इथं काही अतिशहाणे दुसऱ्या टोकाला पळतात. म्हणतात, कंपनीला विकला गेला, गद्दार झाला. हे बोलणारे बहुतेक बापाच्या घरात राहतात. अरे, मालकाच्या जहाजात हमाली केली म्हणून हमाल जहाजाचा मालक होत नाही, आणि गद्दारही होत नाही. तो मजुरी घेतो. मजुरी घेणं पाप नाही. पाप आहे ते मजुरीला मालकी म्हणणं. फेंडरनं घाम विकला, त्याचा दाम घेतला. त्याच्या घामावर 'स्वतंत्र' असा शिक्का मारणारे टीकाकार मात्र मालकाचे मुकादम आहेत. त्यांना हे नाव टिकवायचं आहे, कारण बंडाचा वास असलेला माल जास्त भावानं जातो.

पहिला सवाल, गातो कोण? याच्यावर इंग्लंडात जुनं भांडण आहे. २०१९ मध्ये नॉटिंगहॅमच्या स्लीफर्ड मॉड्सचा जेसन विल्यमसन उघडपणे ब्रिस्टलच्या आयडल्स या बँडवर तुटून पडला. मुद्दा असा की हे लोक कामगारांचा आवाज उसना घेऊन ओरडतात, ते जगणं त्यांचं नाही. विल्यमसन स्वतः कोंबड्यांच्या कारखान्यात राबलाय, सरकारी भत्त्यांच्या कचेरीत नोकरी केलीय. त्याचा राग समजतो. जखम माझी, आणि पट्टी बांधून मिरवतोस तू?

दोघांचे अल्बम शेजारी ठेवून ऐका. स्लीफर्ड मॉड्सचा 'यूके ग्रिम', २०२३ चा, मार्का रफ ट्रेड. एक माणूस यंत्रावर खरखरीत ठेका लावून बाजूला उभा, दुसरा तोंडातून वाफ सोडावी तसा बोलत सुटतो. गाणं नाहीच ते, बस थांब्यावरचं भांडण आहे. एकसुरी आहे, अर्ध्यात कंटाळा येतो, पण एकही वाक्य भाड्यानं आणलेलं वाटत नाही. आयडल्सचा 'टँक', २०२४ चा, मार्का पार्टिझन. हा सगळा प्रेमाचा अल्बम. आधी मुठी आवळून ओरडणारा गट इथं पियानोजवळ बसतो, हळू आवाजात गातो, आणि जिथं हळू गातो तिथंच तो मला पटतो. पण मधेच पुन्हा प्रेमाचीच घोषणा करतो. प्रेम ही घोषणा नाही, बाबा. घोषणेनं मोर्चा निघतो, घर चालत नाही.

आणि आता गंमत बघा. या भांडणातले दोन्ही मार्के स्वतंत्र कंपन्यांचे आहेत! रफ ट्रेडही तीन कोठारांच्या बाहेर, पार्टिझनही बाहेर. ज्याला लोक उसना आवाज म्हणतात त्याची पेटी स्वतंत्र, आणि फेंडरचा गळा अस्सल असून पेटी युनिव्हर्सलची. म्हणून म्हणतो, सवाल कालवू नका. अस्सलपणा एक, मालकी दुसरी. एकाच्या नावावर दुसऱ्याची पावती फाडू नका.

हे भांडण शेफील्डच्या पल्पनं १९९५ मध्येच 'कॉमन पीपल' या गाण्यात मांडून ठेवलं होतं. श्रीमंताघरची पोरगी, तिला गरिबांसारखं जगून बघायचंय. गाणं तिच्या तोंडावर सांगतं की तुझं सोंग कधीही संपवता येतं, आमचं जगणं संपवता येत नाही. एवढं धारदार गाणं निघालं कुठून? आयलंड या बड्या कंपनीच्या पेटीतून. तोच बँड २४ वर्षांनी २०२५ च्या जूनमध्ये 'मोर' हा अल्बम घेऊन आला, आणि आता मार्का रफ ट्रेड. गायक साठीला आलेला. गाण्यांत राग कमी, वय जास्त. पूर्वी सुरी होती, आता चष्मा आहे. पण म्हातारपणी त्यांनी छोट्या घरात मुक्काम केला याची नोंद घ्या. वाईट अल्बम नाही. मात्र 'कॉमन पीपल'ची धार शोधत जाल तर हात रिकामे राहतील.

आता तिसरा सवाल, दार कुणाला बंद? इथं इंडीवाल्यांची सगळ्यात जास्त फाटते.

सॅम फेंडर २०२५ च्या सुरुवातीला एका मुलाखतीत म्हणाला की विशेषाधिकारावर खूप बोललं जातं, वर्गावर क्वचित. पडीक गावांतल्या गोऱ्या पोरांना सतत लाज वाटायला लावली जाते आणि ती पोरं मग भलत्याच लबाड पुढाऱ्यांच्या नादी लागतात. यात खरं आहे. उपाशी माणसाला तू भाग्यवान आहेस म्हणून सांगणं हा त्याचा अपमान आहे. पण हे अर्धं खरं आहे. वर्ग बोलायचा तर पुरता बोला. त्याच पडीक गावात गोऱ्या पोराच्या शेजारी काळ्या कातडीची पोरगीही असते. भूक दोघांची. पण गिटार हातात घेतल्यावर 'तू इथं कशी?' हा सवाल एकाच माणसाला पडतो, आणि तो माणूस गोरा पोरगा नसतो.

पुरावा हवा? लीड्सच्या इंग्लिश टीचर या बँडचा पहिला अल्बम ऐका. 'धिस कुड बी टेक्सास', एप्रिल २०२४. गायिका लिली फोंटेन मिश्र वंशाची. तिचं गाव लँकशायरमधलं कोल्न. विणकरांचं जुनं गाव. या लँकशायरच्या मागांना एके काळी, अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी पेटली तेव्हा, मुंबईच्या धक्क्यावरून कापसाचे गठ्ठे जात होते. म्हणजे त्या गावाचा आणि आपल्या पाठीचा संबंध जुनाच. तर या बाईला लोक काय समजायचे? रंग बघून ठरवायचे की ही रॉक कशी गाणार, ही तर 'आर अँड बी' गाणारी असणार. तिनं काय केलं? त्याच नावाचं गाणं केलं आणि ते खणखणीत गिटारीवर वाजवलं. बघा, कान फुटले नसतील तर बघा.

ज्यानं त्यानं नेमून दिलेल्या जागीच गायचं, नेमून दिलेलंच गायचं, हा कायदा काय नुसता विलायतेचा आहे? हलगी तू वाजव, तंबोरा आम्ही लावतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून ते गाणं ऐकताना मला इंग्रजी परकी वाटली नाही. जन्म बघून सूर वाटणारे सगळीकडं एकाच आईचे.

आणि अल्बम म्हणून तो या सगळ्या ढिगाऱ्यात सगळ्यात उजवा आहे. का? कारण ही बाई गळा फाडत नाही. बोलत बोलत गाते, हसत हसत चिमटा काढते. तिच्या गावाजवळच्या फरशीवर, फुटलेल्या बिस्किटांवर गाणी आहेत. छोट्या गावाची शरमही आहे आणि अभिमानही आहे, दोन्ही एका ओळीत. ताल मधेच मोडतो, पियानो भलत्याच वाटेनं जातो, तंतुवाद्यं येतात, पण हुशारी दाखवायला नाही. माणूस अवघडल्यावर जसं चालतो तसं ते गाणं चालतं. २०२४ च्या सप्टेंबरात मर्क्युरी पुरस्कार यांना मिळाला, तेव्हा दहा वर्षांत पहिल्यांदाच लंडनबाहेरच्या कुणाला तो गेला. दहा वर्षं! म्हणजे संगीताचा कौल देणाऱ्यांना दहा वर्षं एका शहराबाहेर माणसं गातात हे ऐकूच गेलं नाही.

मार्का? आयलंड. पुन्हा युनिव्हर्सल. बघितलंत? बंद दारावर लाथ मारणारं गाणंही कोठाराच्याच दारातून बाहेर आलं. याची लाज त्या बाईला नाही, आपल्या सगळ्यांना पाहिजे. ज्यांनी स्वतःला स्वतंत्र म्हणवलं त्यांचीच दारं रुंद असायला हवी होती.

मग खरा स्वतंत्र माल कुठं आहे? आहे. कॅनडाच्या पॅट्रिक फ्लेगेलनं सिंडी ली या नावानं, बाईच्या वेषात गात, २०२४ च्या मार्चमध्ये 'डायमंड ज्युबिली' काढला. ३२ गाणी, दोन तास. निघाला तेव्हा स्पॉटिफायवर नव्हता. तेव्हा कुठल्या दुकानात नव्हता. जुन्या जमान्यातल्यासारखं एक साधं, ओबडधोबड संकेतस्थळ. तिथून फुकट उतरवून घ्यायचा, वाटलं तर पैसे पाठवायचे. शिवाय यूट्यूबवर सगळी गाणी एकाच लांबलचक पट्ट्यात. जाहिरात नाही, फलक नाही. आणि ऐकलं तर असं वाटतं की शेजारच्या खोलीत कुणाचा तरी मेलेल्या माणसाचा रेडिओ चालू राहिलाय. गोड चाली, चिरलेला आवाज, मधे नुसती खरखर. दोन तास जास्त होतात हे खरं. दहा-बारा गाणी कापली असती तरी चाललं असतं. पण कापायला लावणारा मुकादमच नव्हता, हीच त्या अल्बमची श्रीमंती.

ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्नचा किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड हा बँड घ्या. २०१७ मध्ये यांनी 'पॉलिगोंडवानालँड' हा अख्खा अल्बम जगाला देऊन टाकला. मूळ मुद्रण खुलं, म्हणाले तुम्हीच तबकड्या काढा, तुम्हीच विका, आमचं काही म्हणणं नाही. मग गावोगावच्या लोकांनी आपापल्या तबकड्या काढल्या. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचा 'फँटम आयलंड' आला, स्वतःच्याच कंपनीचा. पाठीमागं अख्खा वाद्यवृंद बसवलाय. माझ्या मते लग्नाच्या पंगतीसारखं झालंय : पानात जागा नाही तरी वाढतच राहतात. पण पान त्यांचं आहे, भात त्यांचा आहे.

आणि पुढच्याच महिन्यात, जुलै २०२५ मध्ये, याच बँडनं स्पॉटिफायला लाथ मारली. त्याच्या आधी जूनअखेरीस अमेरिकेच्या डियरहूफनं मारली होती. कारण काय? स्पॉटिफायचा तेव्हाचा मुख्य अधिकारी डॅनियल एक याच्या गुंतवणूक कंपनीनं पुढाकार घेऊन हेल्सिंग या लष्करी ड्रोन आणि युद्धाची यंत्रबुद्धी बनवणाऱ्या कंपनीत ६० कोटी युरोंची रक्कम उभी केली. आमची गाणी ऐकवून जो पैसा झाला त्यातून माणसं मारायची यंत्रं नकोत, एवढं साधं म्हणणं. डियरहूफचा 'नोबल अँड गॉडलाइक इन रुइन' त्याच वर्षीच्या एप्रिलमधला. जपानहून आलेली गायिका, दाताखाली खडा यावा तशी गिटार, कुठंही सुखानं बसू न देणारा ठेका. परक्या देशात राबणाऱ्याकडं माणूस म्हणून नाही, राक्षस म्हणून बघतात, ही त्यातली वेदना आहे. सगळ्यांना आवडणार नाही. आवडावा म्हणून केलेलाच नाही. पण ज्यांनी असा अल्बम केला त्यांनीच आधी दार आपटून बाहेर पडावं, यात मला सुसंगती दिसते. वही आणि वागणूक एक.

आता स्पॉटिफायचा कायदा ऐका. २०२४ पासून, ज्या गाण्याला बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही, त्या गाण्याला एक दमडी नाही. आपल्या भाषेत सांगतो : हजार गोणी वाहिल्याशिवाय एकाही गोणीची मजुरी नाही, आणि ९९९ वाहिल्यास तर त्या मालकाला दान. धक्क्यावर कुठल्या मुकादमानं हे म्हटलं असतं तर पाळी तिथंच थांबली असती. इथं पाळी थांबत नाही, कारण राबणारे एकमेकांना दिसत नाहीत. प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा, फोनच्या उजेडात आपले आकडे मोजत बसलेला.

कुणी म्हणेल, मग बँडकँप आहे ना, तिथं कलावंताच्या हातात थेट पैसा पडतो. पडतो, बरोबर. पण ते दुकान कलावंतांचं आहे का? २०२२ मध्ये एपिक गेम्स या कंपनीनं ते विकत घेतलं. २०२३ मध्ये साँगट्रेडरला विकलं. हात बदलताना तिथल्या जवळपास निम्म्या नोकरांना घरी बसवलं, आणि त्या नोकरांनी नुकतीच कुठं संघटना बांधली होती. स्वतंत्र संगीताच्या दुकानात कामगारांची संघटना चालत नाही, हे कुठलं स्वातंत्र्य? आणि ज्या पिचफोर्कच्या गुणांवर इंडीभक्तांचे श्वास चालायचे, त्याला २०२४ च्या जानेवारीत त्याच्या मालक कंपनीनं पुरुषांच्या फॅशनच्या मासिकात नेऊन कोंबलं, माणसं काढली. गुण देणाराही नोकर होता. त्याला आपला स्वतःचा मार्का वाचता आला नाही.

म्हणून आणखी एक सांगतो, आणि हे त्या दुसऱ्या टोळीला सांगतो, जी म्हणते खरा कलावंत उपाशीच पाहिजे. तुमच्या मायला, उपास तुम्ही करा. सिंडी लीसारखं फुकट वाटणं थोर आहे, पण ज्याच्या घरात संध्याकाळची चूल त्या गाण्यावर पेटणार आहे त्याला ते परवडत नाही. स्वातंत्र्य म्हणजे उपाशी मरायची मोकळीक नव्हे. बझकॉक्सनी ५०० पौंड उसने घेतले ते फेडायच्या बोलीवर घेतले. मालकी हातात पाहिजे आणि मजुरीही पुरी पाहिजे. या दोन्ही मागण्या एकत्र मागायच्या असतात. एक सोडून दुसरी घेतली की मालक हसतो.

आपल्या मुंबईतही हा मेळा येऊन पोचलाय. २०२३ च्या जानेवारीत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापलूझा भरला, न्यूयॉर्कचे स्ट्रोक्स वाजवून गेले. इंडीचे राजे म्हणून त्यांच्या तसबिरी घरोघर. अमेरिकेत त्यांचा पहिला अल्बम २००१ मध्ये काढला कुणी? आरसीएनं. ती आज सोनीच्या पोटात आहे. गायकाचे वडील एलीट या मॉडेल पुरवणाऱ्या जगप्रसिद्ध कंपनीचे संस्थापक. जाकिटाला भोक होतं म्हणून खिशाला भोक होतं असं समजू नका. गाणी चांगली आहेत, नाचा खुशाल. पण मांडव बांधणाऱ्यांनी, तारा ओढणाऱ्यांनी, दुसऱ्या दिवशी मैदान झाडणाऱ्यांनीही तीच गाणी कुंपणाच्या फटीतून ऐकलेली असतात, हे नाचताना ध्यानात असू द्या.

तेव्हा दोस्तहो, निकाल असा. इंग्लिश टीचर ऐका, सगळ्यात आधी ऐका, आणि दार कुणाला बंद होतं ते विसरू नका. फेंडर ऐका, रडू आलं तर रडा, पण त्याला इंडी म्हणणाऱ्याचं तोंड बंद करा. स्लीफर्ड मॉड्स डोकं भणाणल्यावर ऐका. आयडल्स हळू गातात तेवढेच ऐका. पल्पला वडीलधारा म्हणून नमस्कार करा. सिंडी ली रात्रीच्या पाळीनंतर ऐका. किंग गिझर्ड आणि डियरहूफ यांचं संगीत नाही आवडलं तरी त्यांची चाल शिका.

आणि नुसते ऐकत बसू नका. ज्यांच्या खोलीत ढोलकी आहे, फोनवर रेकॉर्डिंगची सोय आहे, चार दोस्त आहेत, त्यांनी स्वतःचा माल स्वतः काढावा, खर्चाचा हिशेब वेष्टनावर छापावा, मिळालेला पैसा टोळीत सारखा वाटावा. पेटीवर मार्का आपला. वाहणारे आपण. आणि पेटी उघडायची किल्लीपण आपल्याच कमरेला.